युसुफ खान, दिलीपकुमार आणि जातीचा रकाना

११ डिसेंबर २०२२ ला दिलीपकुमार यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्यानिमित्तानं देशातल्या अनेक शहरांत त्यांचे ‘आन’, ‘देवदास’, ‘राम और श्याम’ आणि ‘शक्ती’ हे चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. लोकांनी तिकीट काढून ते पाहिले, ही आनंदाची गोष्ट. वर्तमानपत्रांनी पानं सजवली, मोबाईलवर जुनी गाणी फिरली. ७ जुलै २०२१ ला त्यांचा इंतकाल झाला तेव्हा आले होते, जवळपास तेच लेख पुन्हा आले. पेशावरचा किस्साख्वानी बाजार, देविका राणी, ट्रॅजेडी किंग, मधुबाला, सायराबानो, आठ फिल्मफेअर आणि शेवटी पाकिस्ताननं दिलेला निशान-ए-इम्तियाज. मी मराठी, हिंदी, उर्दू मिळून बरेच लेख वाचले. त्यातल्या एकातही मला ‘मुस्लिम ओबीसी’ हे दोन शब्द सापडले नाहीत.

हा विसरभोळेपणा आहे असं मला वाटत नाही. ज्या माणसाच्या सवयी, प्रेमप्रकरणं, कपड्यांची आवड, उर्दूचा लहेजा, सगळं लोकांना तोंडपाठ आहे, त्याच्या सार्वजनिक आयुष्यातला एक मोठा अध्याय सगळ्यांच्याच स्मरणातून एकदम गळून पडत नाही. तो गाळला जातो. आणि तो गाळण्यात जितका हात इतरांचा, तितकाच आपला, म्हणजे मुसलमानांचा आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी माणूस कुठला, हे नीट पाहू. पेशावरमध्ये जन्म झाला हे खरं, पण युसुफ खान घडले ते महाराष्ट्रात. वडील लाला गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला त्यांचा धंदा. देवळालीला कुटुंबाचं बिऱ्हाड होतं, तिथल्या बार्न्स स्कूलमध्ये युसुफ शिकले. पुढं मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम आणि खालसा कॉलेज. वडिलांशी खटका उडाला तेव्हा घर सोडून पुण्याला आले आणि लष्करी क्लबच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागले. तिथं सँडविचचा गाळा लावला. स्वातंत्र्याच्या बाजूनं बोलले म्हणून एक रात्र येरवड्याच्या तुरुंगात काढावी लागली, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात सांगितलंय. ज्यांच्या देशभक्तीचा हिशोब पुढं इतक्या जणांनी मागितला, त्यांच्या खात्यावर येरवड्याची एक रात्र जमा आहे. हिशोब मागणाऱ्यांपैकी किती जणांच्या खात्यावर तेवढी तरी आहे?

१९४४ मध्ये बॉम्बे टॉकीजचा ‘ज्वार भाटा’ आला आणि पडद्यावर दिलीपकुमार हे नाव झळकलं.

या नावावरून आजही केवढा गोंधळ घातला जातो! त्यांच्या इंतकालाच्या दिवशीच एक टोळी समाजमाध्यमांवर ‘युसुफ खान, युसुफ खान’ असा गजर करत होती. म्हणे यानं धर्म लपवला, हिंदू नाव घेऊन हिंदूंना फसवलं, पैसा कमावला. जणू काही १९४४ ते २०२१ या ७७ वर्षांत या देशातल्या एकाही प्रेक्षकाला दिलीपकुमार मुसलमान आहेत हे माहीत नव्हतं! टांगेवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. नाव बदलण्याची कारणंही त्यांनी कधी झाकून ठेवली नाहीत. वडिलांना सिनेमा म्हणजे नौटंकी वाटायची. मित्राचा, बशेश्वरनाथ कपूर यांचा मुलगा पृथ्वीराज सिनेमात गेला म्हणून ते मित्राला टोमणे मारायचे. मग आपल्याच पोराचं नाव पोस्टरवर दिसलं तर? पठाणाचा मार चुकवायचा होता, एवढी साधी गोष्ट. शिवाय कुमुदलाल गांगुली अशोककुमार झाले, हरिहर जरीवाला संजीवकुमार झाले, कुलभूषण पंडित राजकुमार झाले. त्यांनी कोणाला फसवलं? आणि हरिकिशन गोस्वामी तर ‘शबनम’मधल्या दिलीपकुमारांच्या पात्रावरून मनोजकुमार झाले. म्हणजे आपल्या सिनेमातल्या सगळ्यात ‘भारत’ नटाचं नाव युसुफ खानांकडून उसनं घेतलेलं आहे. यावर गजर करणाऱ्यांचं काय म्हणणं आहे?

उलट बाजूनंही प्रश्न येतो, तो आपल्यातून. की नाव बदलायची पाळी यावी, हाच या सिनेमाचा मुसलमानांवरचा अविश्वास नव्हता का? त्यात थोडं तथ्य आहे. मुमताज जहान मधुबाला झाली, महजबीन मीनाकुमारी झाली, हमीद अली खान अजित झाले. पण त्याच काळात मोहम्मद रफी, नौशाद, मेहबूब खान, सुरैया, नर्गिस ही नावं पडद्यावर ठळक अक्षरांत येत होती आणि वहिदा रहमान यांनी ‘सीआयडी’च्या वेळी नाव बदलायला साफ नकार दिला होता. म्हणजे चित्र एकरंगी नव्हतं. फाळणीनंतरच्या त्या काळ्या वर्षांत दिलीपकुमार नावाच्या मुसलमानावर देशानं जीव ओवाळून टाकला, हेही तितकंच खरं. हा वाद माझ्यासाठी इथंच संपतो. नावाचा खरा मुद्दा वेगळाच आहे, त्याकडे येतो.

त्याआधी त्यांच्या भूमिकांकडे एकदा पाहा. आपण त्यांना ‘देवदास’मध्ये कोंडून ठेवलंय. झुरणारा, पिणारा, मरणारा जमीनदाराचा पोरगा. बिमल रॉय यांचा तो चित्रपट मोठाच आहे, वाद नाही. पण ‘नया दौर’ (१९५७) मधला शंकर टांगेवाला आहे. मालकाचा पोरगा गावात बस आणतो आणि टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो, ही त्याची गोष्ट. ‘पैगाम’मध्ये गिरणीतला कामगार आणि मालक यांचा झगडा आहे. ‘गंगा जमना’ (१९६१) त्यांनी स्वतः निर्माण केला. त्यातला गंगा हवेलीत राबणाऱ्या बाईचा मुलगा. तो शुद्ध हिंदी बोलत नाही, पूरबी बोली बोलतो, आणि अशा बोलीत एवढा मोठा चित्रपट चालेल का, ही धास्ती त्या वेळी अनेकांना होती. तो धो धो चालला. ‘सगिना’मध्ये चहामळ्याच्या भागातला कामगार पुढारी. कामगारांतून उचलून त्याला खुर्चीवर बसवतात आणि त्याच्याच माणसांपासून तोडतात. हा चित्रपट आज कुणी पाहत नाही. ज्यांना आपल्या पुढाऱ्यांचं काय होतं हे समजून घ्यायचंय, त्यांनी जरूर पाहावा.

आणि ‘मशाल’. वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या मराठी नाटकावरून यश चोप्रांनी १९८४ मध्ये केलेला. रात्रीच्या सुनसान रस्त्यावर बायको वेदनेनं तडफडतेय आणि एक म्हातारा होत चाललेला सज्जन माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतोय, हाका मारतोय, विनवण्या करतोय. कुणी थांबत नाही. त्या प्रसंगात दिलीपकुमारांचा आवाज हळूहळू फाटत जातो. आधी त्यात सभ्यता आहे, मग गयावया, मग नुसतं ओरडणं. मी तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. अभिनय शिकवणारे लोक त्यातलं तंत्र सांगतील. मला त्यात दिसतं ते हे की, न थांबणाऱ्या गाड्यांपुढं उभ्या असलेल्या माणसाची लाज या नटाला आतून कळलेली होती.

मुस्लिम पात्र म्हणाल तर ‘मुघल-ए-आझम’मधला शहजादा सलीमच काय तो डोळ्यांसमोर येतो. बाकी ते शंकर होते, गंगा होते, गोपी होते, राम होते आणि श्यामही होते. ‘कोहिनूर’मधल्या राधेच्या नाचाच्या गाण्यासाठी उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याकडून सतार शिकले. गाणं लिहिलं शकील बदायुनींनी, चाल नौशाद यांची, गळा रफींचा. हे उदाहरण आपले पुरोगामी मित्र दरवेळी देतात आणि गंगा-जमनी तहजीब म्हणून गहिवरतात. गहिवरायला माझी हरकत नाही. पण या तहजीबच्या कौतुकातसुद्धा मुसलमान म्हणजे एकसंध एक गठ्ठा, हेच गृहीत धरलेलं असतं. त्या गठ्ठ्यात विणकर कोण, खाटीक कोण, सय्यद कोण, हे कोणी विचारत नाही.

दिलीपकुमारांनी विचारलं.

१९८० मध्ये मंडल आयोगानं अहवाल दिला. त्यात मुसलमानांतल्या व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या अनेक जाती मागासवर्गीय म्हणून नोंदल्या होत्या. दहा वर्षं तो अहवाल धूळ खात पडला. ऑगस्ट १९९० मध्ये व्ही. पी. सिंग यांनी तो लागू करायची घोषणा केली आणि देश पेटला. त्या गदारोळात मुसलमानांचे बहुतेक पुढारी बाबरीच्या प्रश्नात गुंतलेले होते. मंडलचा आपल्याशी काही संबंध आहे, हे सामान्य मुसलमानाला कुणी सांगतच नव्हतं. महाराष्ट्रात जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांचे साथीदार ते सांगत फिरत होते. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मणियार, मुलाणी, शिकलगार, कुरेशी, मोमीन, छप्परबंद, फकीर... या जातींना गोळा करून ते सांगत की तुम्ही ओबीसी आहात, तुमचा हक्क मागा. सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर, विलास सोनवणे अशा मंडळींनी त्याला विचारांची बैठक दिली. आणि या साध्या, फाटक्या खिशाच्या चळवळीत दिलीपकुमार येऊन उभे राहिले. जॉनी वॉकर यांनीही साथ दिली.

नुसतं पत्रक काढून ते मोकळे झाले नाहीत. वयाची सत्तरी आलेली होती. महाराष्ट्रात आणि बाहेरही सभांना गेले, मंत्र्यांच्या दारात गेले. शरद पवार मुख्यमंत्री असतानाच्या काळात मुस्लिम ओबीसींना सवलती देणारा शासन निर्णय निघाला, त्यामागं या चळवळीचा रेटा होता. त्यांचं म्हणणं सोपं होतं. धर्माच्या नावानं आरक्षण मागू नका, ते मिळणारही नाही आणि ते बरोबरही नाही. हिंदू माळी आणि मुसलमान बागवान एकाच मंडईत बसतात, दोघांच्या पोरांची शाळा एकाच इयत्तेत सुटते. मग एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही, असं का?

माझे एक मामू मराठवाड्यातल्या अशाच एका सभेला गेले होते. ते सांगायचे, “हीरो देखने को गये थे, और सर्टिफिकेट का अर्ज लेको आये.” मामूंना आयुष्यात त्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं की, त्यांच्या हातगाडीला सरकारी भाषेत काही नाव आहे.

आता कुणी म्हणेल, पठाण माणूस, पाली हिलच्या बंगल्यात राहणारा, त्याला बागवान-पिंजाऱ्यांशी काय घेणं? हा टोमणा त्या वेळीही मारला गेला, तो मारणारे बहुतेक आपल्यातलेच शरीफ घराण्यातले लोक होते. मला उलटं वाटतं. क्रॉफर्ड मार्केटच्या फळांच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला बागवान म्हणजे कोण, हमाल म्हणजे कोण, हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आणि खरी गोष्ट अशी की त्यांना यातून काहीही मिळणार नव्हतं. प्रमाणपत्र त्यांना नको होतं, नोकरी नको होती. खासदारकी २००० मध्ये काँग्रेसनं दिली, ती या कामामुळं दिली असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. मुंबईचे शेरीफ ते १९८० मध्येच होऊन गेले होते. १९९२-९३ च्या दंगलीत ते मदतकार्यात उतरले, तेव्हाही त्यांना मिळाल्या त्या शिव्याच.

चळवळीला मात्र त्यांच्यामुळं काय मिळालं ते ज्यांनी तालुक्याच्या गावात कधी सभा भरवलीय त्यांनाच कळेल. पिंजाऱ्यांच्या मेळाव्याला तहसीलदार येत नाही. दिलीपकुमार येणार म्हटल्यावर कलेक्टर येतो. त्यांचं तेज त्यांनी स्वतःसाठी वापरलं नाही, दुसऱ्याच्या अर्जावर वजन म्हणून ठेवलं.

इतकं करूनही हे विसरलं का जातं? सगळ्यात जास्त जबाबदार मी आपल्या अशराफ पुढारपणाला धरतो. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, ‘इस्लाममध्ये जात नाही.’ बरोबर. कुराणात नाही. पण बापहो, रिश्ता आला की पहिला प्रश्न कोणता असतो? ‘कौन सी बिरादरी?’ सय्यदाच्या घरात तांबोळ्याची सून किती आल्या, हे आपापल्या गावात मोजा. मशिदीच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लग्नाच्या वेळी एकमेकांच्या ताटाला ताट लावत नाहीत. सच्चर समितीनं २००६ मध्ये अशराफ, अजलाफ, अरजल हे शब्द वापरून हे सगळं सरकारी कागदावर आणलं आणि देशातले सुमारे ४० टक्के मुसलमान स्वतःला ओबीसी सांगतात, हा आकडा दिला. तरीही जलसा असो की इफ्तार पार्टी, व्यासपीठावर जातीचा विषय निघाला की ‘फूट पाडू नका’ असं बजावलं जातं. एकी टिकवायची जबाबदारी नेहमी खालच्यांवरच का?

दिलीपकुमार या मंडळींना चालतात ते उर्दूचे आशिक म्हणून, मुशायऱ्याची शान म्हणून. ओबीसी सभेतले दिलीपकुमार त्यांना अडचणीचे आहेत. काही धार्मिक मंडळींना ते कुठलेच चालत नाहीत. जनाजा उठायच्या आधी समाजमाध्यमांवर चर्चा सुरू झाली की, सिनेमात काम करणाऱ्यासाठी मगफिरतची दुआ करावी की करू नये. मी यावर फक्त एवढंच विचारीन की, ज्याच्यामुळं एखाद्या फकीर जमातीच्या पोराला शिष्यवृत्ती मिळाली, त्याच्या आमालनाम्यात काय लिहायचं हे ठरवणारे आपण कोण?

दुसरीकडं हिंदुत्ववाद्यांना युसुफ खान लागतो, तो फक्त पाकिस्तानशी जोडण्यापुरता. १९९८ मध्ये निशान-ए-इम्तियाज मिळाला, १९९९ मध्ये कारगिल झालं, मग तो परत करा म्हणून गिल्ला झाला. बाळासाहेब ठाकरे, जे कधीकाळी त्यांचे दोस्त होते, तेच सगळ्यात पुढं होते. अटलबिहारी वाजपेयींना ते भेटले, पुरस्कार ठेवायचा की नाही हे तुम्हीच ठरवा, असं वाजपेयींनी सांगितलं आणि त्यांनी तो ठेवला. मोरारजी देसाईंना पाकिस्ताननं त्याहून वरचा किताब, निशान-ए-पाकिस्तान दिला होता. त्यांच्या घरासमोर कुणी गेलं नाही. त्याआधी ‘फायर’ चित्रपटाच्या बाजूनं कोर्टात गेले म्हणून दिलीपकुमारांच्या घरासमोर अर्धनग्न होऊन निदर्शनं झाली. हे सगळं सगळ्यांना आठवतं. त्यावर लेख येतात. कारण तो हिंदू-मुसलमान सामना आहे आणि आपल्याकडच्या पत्रकारितेला त्या सामन्याशिवाय मुसलमान दिसतच नाही. धर्मनिरपेक्ष संपादकसुद्धा त्यांना नेहरूंच्या भारताचं प्रतीक म्हणून मखरात बसवतात. मखरातल्या माणसाच्या हातात जातीच्या दाखल्याचा अर्ज शोभत नाही.

आता नावाच्या मुद्द्याकडे येतो, म्हणालो होतो ना.

महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला आणि त्याची पडताळणी करायची तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. बापाचा, आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला काढा, त्यावर जातीच्या रकान्यात काय आहे ते पाहा. माळ्याच्या दाखल्यावर ‘हिंदू-माळी’ असतं. आपल्या आजोबांच्या दाखल्यावर? ‘मुसलमान’. झालं. मास्तरनं विचारलं नाही, आजोबांनी सांगितलं नाही. जात विचारायचीच तर ‘मुसलमान’ हीच जात, अशी मास्तरचीही समजूत आणि आजोबांचीही. आता सत्तर वर्षांनी समिती विचारते, तुम्ही बागवान कशावरून? मंडईत तीन पिढ्या केळी विकतोय यावरून, असं म्हणून चालत नाही.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच घडलं. बारावीला चांगले गुण, प्रवेश ओबीसीतून व्हायचा. फाईल परत आली, शेरा एका ओळीचा. माझा मेहुणा तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये दिवसेंदिवस बसला. शेवटी कोतवाल बुकात आजोबांच्या एका भावाच्या जन्माची नोंद सापडली, ‘जात : बागवान’. मोडी वाचणारा माणूस शोधावा लागला तो वेगळाच. दाखला मिळाला तोवर ते वर्ष गेलं होतं. भाचीनं पुढच्या वर्षी दुसरा, स्वस्तातला कोर्स घेतला. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. ती आज एका दुकानात हिशोब लिहिते.

युसुफ खानचं दिलीपकुमार झालं, ते वडिलांच्या भीतीनं आणि देविका राणींच्या सल्ल्यानं झालं. त्याची जगभर चर्चा. पण या राज्यातल्या कितीतरी बागवानांचं, पिंजाऱ्यांचं, छप्परबंदांचं कागदावर ‘मुसलमान’ झालं आणि त्यांच्या धंद्याचं, कसबाचं, मागासलेपणाचं नाव पुसलं गेलं, याची चर्चा नाही. दिलीपकुमार म्हातारपणी त्या पुसलेल्या नावासाठी उन्हातान्हात फिरले. माझ्या लेखी त्यांच्या नावाची गोष्ट ही आहे, ती बॉम्बे टॉकीजची नव्हे.

आणि हे जुनं प्रकरण नाही. २०१४ मध्ये राज्य सरकारनं मराठा आरक्षणाबरोबर मुसलमानांसाठी ५ टक्क्यांचा अध्यादेश काढला. त्यात खरं तर मागास घटकांची यादी होती, पण बाहेर तो ‘मुस्लिम आरक्षण’ म्हणूनच विकला गेला. हायकोर्टानं शिक्षणातली सवलत रोखली नव्हती. तरी सरकार बदललं आणि नव्या सरकारनं अध्यादेश मरू दिला. तेव्हापासून आपले पुढारी दर निवडणुकीला ‘पाच टक्के, पाच टक्के’ ओरडतात. त्याच पुढाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या वॉर्डात जातीच्या दाखल्यांचं एक शिबिर घेतलंय? जो हक्क कागदावर आधीच आहे, तो पदरात पाडून घ्यायला मदत करायची नाही आणि जो मिळणं कठीण, त्याच्यासाठी घसा कोरडा करायचा. यात मतं आहेत, काम नाही.

जुलै २०२२ मध्ये हैदराबादच्या भाजप कार्यकारिणीत पंतप्रधानांनी पसमांदा मुसलमानांपर्यंत पोहोचा, असा आदेश दिला आणि दिल्लीतल्या चॅनेलांना एकदम शोध लागला की मुसलमानांत जाती असतात! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. धर्मांतरित दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यायचा का, हे त्यानं तपासायचं होतं. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानं तो दर्जा आधी फक्त हिंदूंना दिला, पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना. मुसलमान आणि ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. पसमांदांचा कळवळा खरा असेल तर एक दुरुस्ती पुरे आहे, आयोगाची गरज नाही. पण आपण भाजपला नुसतं ढोंगी म्हणून सुटत नाही. हा मुद्दा त्यांच्या हातात गेला कसा? तीस वर्षांपूर्वी देशातला सगळ्यात लाडका मुसलमान हाच मुद्दा आपल्या दारात घेऊन आला होता. आपण त्याच्याबरोबर फोटो काढले.

एक काम अजूनही होऊ शकतं. या चळवळीतले बरेच कार्यकर्ते आता सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढं आहेत, काही गेलेही. त्यांच्या घरात माळ्यावर जुन्या सभांची हँडबिलं असतील, उर्दू-मराठी पत्रकं असतील, कुणाकडं भाषणांच्या कॅसेट असतील. माझ्या मामूंच्या घरी फक्त एक फोटो निघाला. मांडवात खुर्चीवर पांढऱ्या कपड्यातले दिलीपकुमार आणि मागं माणसांची दाटी. फोटोच्या मागं ना तारीख ना गाव, आणि मामू आता राहिले नाहीत. मराठवाडा, खान्देश, सोलापूर, सांगली, मालेगाव, भिवंडी, कुठंही कुणाकडं असं काही असेल तर रद्दीत देऊ नका. फोटोत जी माणसं ओळखू येतात त्यांची नावं, गाव आणि साल मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा, आणि नावापुढं जात लिहायला लाजू नका.